फवारणीच्या दिवशी

२०१९ सालची गोष्ट. आंब्याच्या मोहोरावर पहिली फवारणी होती. दमयंतीआजींनी विहीर झाकली, कोंबड्या टोपलीखाली डालल्या, वाळत घातलेले कपडे आत आणले. नात ईशा शाळेत निघताना दार लावत म्हणाली, "आजी, मांजर घरातच बरं. बुंदीला सोडू नको हां." दुपारी बुंदी दाराशी कळवळून ओरडू लागली. "तू काय पिंजऱ्यातला पोपट गो?" म्हणत आजींनी कडी काढली. बुंदी औषधाने भिजलेल्या कलमांखालून हिंडली, ओटीवर पंजे चाटत बसली. दिवेलागणीला तोंडाला फेस येऊन मेली. कामावरून आलेली सून लेकीवर कडाडली, "दार तूच उघडं टाकलंस ना, वेंधळे?" ईशाने आजीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आजींनी बुंदीला फडक्यात गुंडाळलं. आता ईशा पुण्यात नोकरी करते, मांजर पाळत नाही. सून तिला अजून वेंधळी म्हणते. आजी ऐकून घेतात.