नाव गुप्त राहील

मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहणारे विधुर मार्तंडराव बरेच दिवस एक विचार मनाशी घोळवत होते. अखेर, उतारवयात जोडीदार मिळवून देणाऱ्या 'सांजसोबत' या साइटवर त्यांनी नाव नोंदवायला घेतलं. मुलाला हे सांगायचा धीर त्यांना झाला नव्हता, आणि साइटवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'तुमचं नाव गुप्त राहील.'

फक्त नव्या नियमाप्रमाणे अठरा वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा हवा होता. मार्तंडराव चौऱ्याहत्तरचे होते. त्यांनी आधार नंबर टाकला आणि ओटीपीची वाट पाहत बसले.

ओटीपी आला नाही, मुलाचा फोन आला. घरच्या आणि कन्हानच्या सासुरवाडीच्या साऱ्या म्हाताऱ्यांच्या आधारला केयूरनं काळजीपोटी आपलाच मोबाइल नंबर जोडून ठेवला होता.

"बाबा, हा सांजसोबतचा ओटीपी कशाचा येऊन राहिला?"

"फ्रॉड असेल रे," मार्तंडराव कसेबसे म्हणाले. "कोणाला सांगू नको."





"फ्रॉड कसा असेल, बाबा? कन्हानच्या सासूबाईंनी तर कालच असाच ओटीपी मागून घेतला माझ्याकडून."