एकाच छपराखाली

भाडेकरू ठेवायचा म्हणजे कायद्याने गॅसची तपासणी दरवर्षी करून घ्यावीच लागते, पण आमचे घरमालक गारबट दोन वर्षं नुसते टोलवत होते. इकडे घर तापवणारा गॅसचा बॉयलर पेटला की माझं डोकं ठणकायचं. शेवटी रविवारी मी त्यांना खालच्या मजल्यावर, त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरातच गाठलं.

"हे बघ डेरेक, दहा मिनिटं डोकावायचे ऐंशी पौंड? लुटतात लेकाचे! अरे, माझी सख्खी आई राहते या बॉयलरजवळ. धोका असता तर ठेवलं असतं का मी तिला इथं?"

"पटलं बुवा. मग चहा घ्या निवांत," मी म्हटलं.

तेवढ्यात विषारी वायूचा अलार्म किंचाळायला लागला. गारबट उडालेच! कप तिथंच टाकून, नुसत्या मोज्यांवर, थेट रस्त्याच्या मधोमध. तिथून फोनवर गॅस तपासणाऱ्याला ओरडून सांगत होते, "आत्ताच्या आत्ता ये! काय घ्यायचे ते पैसे घे!"

आत त्यांची आई, एनिडबाई, खुर्चीतून हललीसुद्धा नव्हती.



चहात बिस्किट बुडवत मला म्हणाली, "गेला ना मला इथंच टाकून? सोडू का आता तुझ्या अलार्मचं हे दाबून धरलेलं टेस्टचं बटण?"