पाचवीची चिचुंद्री

तापाचा विषाणू चिचुंद्र्यांच्या रक्तात सापडतो का, हे शोधायला डॉक्टर कुमुद जीपने माले गावात आली होती. गोजराबाईंच्या घरी, बाळंतिणीच्या खोलीत तिने लावलेल्या पिंजऱ्यात, सकाळी एक अडकली.

गोजराबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या राहिल्या. “सोडा तिला. नातवाच्या पाचवीच्या निवदाला आलीया ती. न्हाईतर चालत्या व्हा हितनं.”

“थोडं रक्त घेऊन सोडतेच.”

अंगणात कुमुदने चिचुंद्रीला ईथर हुंगवलं. ती निपचित पडली. मग खुणेसाठी तिच्या पायाच्या बोटाचं टोक कातरलं.

आत पाळण्यातलं मूल किंचाळलं.

योगायोग, असं म्हणून कुमुदने दुसरं बोट कातरलं. मूल पुन्हा किंचाळलं. चिचुंद्री हललीसुद्धा नाही.

“आता कुटं टोचनार?” गोजराबाईंचा आवाज एकदम खाली आला होता.

रक्त नेहमी काळजातूनच घ्यायचं. सवयीचा हात थांबेपर्यंत सुई आत शिरली होती.

रडणं तुटलं.

“आत्याबाई, लेकरू बगा!” आतून सून ओरडली.

गोजराबाई आत गेल्या नाहीत. त्यांनी कुमुदचं मनगट करकचून धरलं.

“सुई काडू नगा. तशीच धरा.”

कुमुदच्या बोटांखालची चिचुंद्रीची धडधड मंद होत चालली होती.