तेरावं ध्येयवाक्य

अकरावं वाक्यही सेनीनं फळ्यावरून पुसून टाकलं, आणि रोडेलनं कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाई, एक वाक्य! सात महिन्यांत अख्खं अ‍ॅप उभं केलंस, आणि ते कशासाठी आहे हे एका ओळीत सांगता येईना?"

येत नव्हतं खरं. फिलिपिन्समधल्या इलोइलोची दुपार म्हणजे आधीच अर्धी झोप. नदीवरचा वारासुद्धा खिडकीशी येऊन पेंगत होता. सेनीच्या संगणकाच्या पडद्यावर निळाशार समुद्र पसरलेला, आणि त्यात एक पांढरा ठिपका सरकत होता, इतका सावकाश की बघणाऱ्याचे डोळे मिटावेत. तो ठिपका म्हणजे एक बोट. या गावात घराआड एक कर्ता माणूस बोटीवर. त्यांच्या घरच्यांसाठी हे अ‍ॅप होतं. बोटवाल्यांच्या बायकांच्या मंडळानं ते घेतलं तर ठीक, नाहीतर महिनाअखेर दोघांनी गाशा गुंडाळायचा. मंडळाची सभा चारला होती आणि अट एकच होती: हे कशासाठी, ते आधी एका वाक्यात सांगा.

वाक्याची परीक्षा घ्यायची दोघांची एक रीत होती. कुणीतरी खायला बसलं की त्याला वाक्य वाचून दाखवायचं. त्याचा घास थांबला, की वाक्य नापास. आज समोर खुद्द मंडळाची अध्यक्ष होती, पासिंग. सगळं गाव तिला मोठ्या बहिणीच्या मानानं मानांग म्हणायचं. सभेआधी पोटात काहीतरी हवं म्हणून ती गरमगरम बाचॉयचा वाडगा घेऊन बसली होती, आणि त्यातल्या शेवया सुर्र सुर्र ओढत होती.

"वाच बघू," मानांग म्हणाली.

सेनीनं बारावं वाक्य लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं. "आपला माणूस जगातल्या कुठल्या समुद्रात आहे, ते घरबसल्या क्षणोक्षणी दिसावं."

घास थांबला.

"कुणाला दिसावं?"

"तुम्हाला, मानांग."

"मला? अगं, एकतीस वर्षं झाली. नवरा पाण्यात आहे, एवढं मला पुरतं. पाण्यातून निघून कुठल्या बंदरात कुणाकडे उतरतो, ते सांगत असशील तर गोष्ट वेगळी!"

रोडेल खो खो हसला. सेनीला मात्र रडू यायचंच बाकी होतं.

तिचा चेहरा पाहून मानांग जरा नरमली. पिशवीतून तिनं वर्तमानपत्राचा एक कागद काढून टेबलावर पसरला. त्यावर पेन्सिलीनं काढलेला एका इवल्याशा पावलाचा आकार होता.

"नातवाचा पाय. आमच्या शेजारचा उद्या माझ्या नवऱ्याच्याच बोटीवर रुजू व्हायला निघालाय, त्याच्याबरोबर धाडते. आजोबांना बूट आणायचेत ना! ते येणार आठ महिन्यांनी. तोवर पाय काय त्यांच्यासाठी थांबणार आहे? गेल्या खेपेचे बूट अजून खोक्यात पडलेत, कोरे करकरीत. नवरा बिचारा हौसेनं घेऊन आला, ते पायात जाईनात, पोरानं भोकाड पसरलं. मग हा बाहेर जाऊन बसला, तो रात्री जेवायलाच आत आला."

"फोन असतो की, मानांग," रोडेल म्हणाला.

"असतो. 'बरं आहे ना? बरं आहे.' संपला फोन." मानांगनं कागदाची घडी घातली. "तो कुठे आहे ते त्याला ठाऊक असतं रे. त्याच्या लेखी हरवतो ते आम्ही."

सेनी पडद्याकडे बघत राहिली. ती तिच्या वडिलांची, म्हणजे तातायांची, बोट होती. त्यांनी काम केलेली शेवटची. ताताय चार वर्षांपूर्वी कायमचे घरी आले, तरी रोज सकाळी ऑफिसात आल्या आल्या ती आधी हीच बोट उघडून बघायची. लहानपणापासून नकाशावर बाप शोधायची सवय, ती कुठली सुटायला! बोटीचा पत्ता तिला मिनिटामिनिटाला ठाऊक होता. आणि घरातले ताताय? ते स्वतःच्या स्वयंपाकघरात साखर कुठे असते विचारायचे. तिच्या खोलीचं दार उघडं असलं तरी टकटक करायचे. ती म्हणायची, "फळीवर." ती म्हणायची, "या." त्यापुढे एक शब्द नाही. आपण इतकी वर्षं वाट पाहिली आणि यांनी काही विचारलंसुद्धा नाही, ही अढी तिनं जपून ठेवली होती. पण विचारणार काय? कुठून सुरुवात करावी, हे त्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. सेनीला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिनं फळा पुसला आणि तेरावं वाक्य लिहिलं.

"घरी आज जे घडलं, ते बोटीवरच्या माणसाला आजच कळावं."

"आणि नकाशा?" रोडेलनं विचारलं.

"काढून टाक."

"सात महिने घालवलेत त्यावर!"

"काढ रे."

मानांगनं ओठ हलवत वाक्य दोनदा वाचलं. "हे सभेत वाच," ती म्हणाली. "पहिला हात माझा."

सभेला पंधरा मिनिटं होती. सेनी बाहेर सज्जात गेली आणि तिनं घरी फोन लावला. बराच वेळ तो नुसता वाजत राहिला.

"ताताय, मी सेनी."

"काय झालं? काही हवंय का?" ताताय घाबरलेच.

"काही नको. आज ऑफिसात काय झालं, ते सांगायचंय तुम्हाला. वेळ आहे ना?"

 पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आहे की," ताताय म्हणाले. "पण आजचं मागाहून सांग, बाळा. तू चालायला लागलीस ना, तिथपासून सांग."