स्तंभला न्याय मिळाला

सुरतजवळच्या कडोदऱ्याच्या मिलमध्ये साड्यांची डिझाइनं काढणारा योगेंद्र घरी आला की फक्त स्तंभची चित्रं काढायचा आणि आपल्या फेसबुक पेजवर टाकायचा. स्तंभ म्हणजे सुपरहिरोंच्या कॉमिकमधला मागच्या रांगेतला गडी. पुढे हिरो केस उडवत पोझ देणार आणि कोसळता पूल हा बापडा खांद्यावर पेलून धरणार. "त्याला कुणी विचारतच नाही गं," असं योगेंद्र जेवताना बायकोला कळवळून सांगायचा. धनश्रीने नऊ वर्षं वरणभाताबरोबर हेच ऐकलं.

एका रविवारी ती फोन घेऊन पळतच आली. "अहो, तुमच्या स्तंभवर पिक्चर येतोय!"

पिक्चर आला आणि महिन्याभरात सुरतेत पोरांच्या दप्तरांवर स्तंभ, पतंगांवर स्तंभ! मिलचे शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "योगेंद्रभाई, तमे तो पहेलेथी कहेता हता!" त्याच्या पेजवर हजारो लोक येऊन लिहू लागले, दादा, तुमचंच खरं होतं. धनश्रीने हौसेने दोघांना स्तंभचे टी-शर्ट आणले. तिने तिचा लगेच घातला. योगेंद्रने त्याच्या टी-शर्टची घडीही मोडली नाही. दोन दिवस त्याला धड जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने पेजवरून स्तंभची सगळी चित्रं काढून टाकली आणि लिहिलं,

"स्तंभचं उगाच कौतुक चाललंय. खरा अन्याय झालाय तो त्याच्या ड्रायव्हरवर!"