राणी कलरची बंदूक

"ताई, लिंबोळी रंगावर तपकिरी काठ कुणी घेतं का? बंदूक राणी कलरची करा. काठ मोरपंखी. उठून दिसलं पाहिजे."

कॅप्टनचा हुकूम फोनवर उमटला आणि उत्तरा या नव्या सुनेने मुकाट्याने आपल्या बंदुकीचा रंग बदलला. फोनवरच्या या खेळात बंदूक सगळ्यांना तीच मिळते, गोळीही तीच. हौस करायची ती वरच्या रंगाची आणि अंगावरच्या कपड्यांची. शहाणी माणसं झाडीत लपता यावं म्हणून मातकट रंग घेतात. या चौघांचा संघ मात्र लग्नाच्या वऱ्हाडासारखा नटून लढाईला जायचा. समोरचे आधी बघत राहायचे आणि बघता बघता मरायचे.

कॅप्टनचं खेळातलं नाव रणरागिणी. हिरवी साडी, जरीचा काठ, नाकात नथ. बोलणं कधीच नाही, फक्त लिहिणं. बाकी दोघं येलदरीचे मास्तर होते, पण समोरासमोर कुणीच कुणाला पाहिलेलं नव्हतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेची फेरी रोज दुपारी तीनला असे. जिंतूरला सासरी उत्तराला ही वेळ अगदी सोयीची. नवरा नचिकेत परभणीला ऑफिसात. सासूबाई सुमंगलाबाई देवघराचं दार लावून जपाला. सासरे दिनकरराव दारापुढच्या ओट्यावर पेपरामागे. त्यांनी पस्तीस वर्षं साडीच्या दुकानात गादीवर बसून साड्या उलगडल्या होत्या. आता फोन वाजला की तो कुठं दाबायचा हे सुनेला विचारायचे. त्यांची भीती नव्हती. भीती होती ती सासूबाईंची. त्यांना कळलं तर फोन थेट बंबात, याबद्दल लग्न होऊन आठ महिने झालेल्या उत्तराला तिळमात्र शंका नव्हती.

पण एका दुपारी ऐन गोळीबारात रणरागिणीने लिहिलं, "दोन मिनिटं थांबा. दूध उतू चाललंय."

त्याच क्षणी स्वयंपाकघरातला गॅस खट्‌कन बंद झाला.

उत्तरा खोलीच्या दाराशी धावली. तिने दाराला कान लावला. पावलं मागे फिरली आणि घर पुन्हा चिडीचूप झालं. पाठोपाठ फोनवर ओळ आली, "हं, चला."

कॅप्टन याच घरात होती, म्हणजे सासूबाईच! मग तिला एकेक आठवत गेलं. समोरच्या संघांत एक काळाकुट्ट संघ होता. ना काठ, ना जर. त्यांची म्होरकी अमावास्या बाकी कुणाकडे ढुंकूनही न बघता आधी रणरागिणीला हुडकून काढायची. "ही बाई माझ्यावरच का खार खाऊन हाय?" असं कॅप्टन कितीदा लिहायची. आणि रणरागिणी पडली रे पडली की देवघरात घंटा घणघणायची. इतकी, की ओट्यावर दिनकरराव खाकरून पेपर उलटायचे. बिचाऱ्या सासूबाई! हरल्याचा राग देवावर काढत होत्या. आणि ते 'ताई, हे घ्या, ते घ्या'? पस्तीस वर्षं साडीवाल्याशी संसार केल्यावर बोलणं असंच होणार.

तरी खात्री केलेली बरी. संध्याकाळी साड्यांच्या घड्या घालताना तिने राणी कलरची, मोरपंखी काठाची एक साडी उचलली. "आई, हे रंग तुमच्या आवडीचे?"

"माझी कसली आवड? यांनी आणायचं, मी नेसायचं. एक साधी काळी चंद्रकळा मागितली व्हती. म्हणे, उठून दिसत न्हाई."

उठून दिसत नाही! कॅप्टनचाच शब्द. उत्तराला आणखी पुरावा नको होता.

अंतिम सामना काळ्या संघाशी ठरला. रविवारी, परभणीच्या मंगल कार्यालयात. चौघांनीही जातीने हजर राहायचं, एक जरी कमी पडला तरी संघ बाद. उत्तराने शाळा-कॉलेजात कशातच पहिला नंबर पाहिला नव्हता. बक्षिसाची ही एक ढाल तिला फार हवी होती. ती मेथी निवडत सासूबाईंजवळ बसली.

"आई, रविवारी परभणीला जायचं ना?"

सासूबाईंच्या हातातली जुडी हातातच राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

"घंटेनं."

सासूबाईंनी जुडी खाली ठेवून देवघराकडे पाहिलं.

"तू बी खेळायलीस?"

"मी बी. तुमच्याच—"

"बास. घरात या खेळाचं नाव काढायचं न्हाई. यांच्या कानावर गेलं तर लय तमाशा करतील. भजनातल्या छबूबाईच्या भाचीचं डोहाळजेवण हाय म्हणून निघू."

उत्तराला आनंदाने रडू यायचं तेवढं राहिलं. आठ महिने जिला वचकून राहिली, ती बाई रोज तिच्या पाठीशी उभी राहून गोळ्या झेलत होती.

रविवारी नशीबही धावून आलं. दिनकररावांनी सकाळीच पिशवी उचलली. "मी चारठाण्याला जाऊन येतो. मंदिरं बघून लय दिवस झाले." सासू-सुनेने एकमेकींकडे पाहिलं आणि अर्ध्या तासात परभणीची एसटी धरली.

मंगल कार्यालयात स्टेजवर समोरासमोर दोन टेबलं मांडली होती. सासूबाई वधूपक्षाच्या खोलीत शिरल्या आणि साडी बदलून आल्या. अंगावर काळी चंद्रकळा.

"आई, आपलं टेबल इकडं," उत्तरा म्हणाली.

सासूबाई थांबल्याच नाहीत. त्या पलीकडच्या टेबलाशी गेल्या. तिथे छबूबाई आणि भजनी मंडळातल्या आणखी दोघी काळ्या साड्या नेसून त्यांचीच वाट बघत होत्या.

म्हणजे अमावास्या सासूबाईच, आणि ती घंटा जिंकल्याची! उत्तरा मागे बघत बघत आपल्या टेबलाशी आली. येलदरीचे दोन्ही मास्तर उठून उभे राहिले. तिसऱ्या खुर्चीतल्या कॅप्टनने तोंडासमोरचा पेपर हळूच खाली घेतला.

"बसा, सूनबाई," दिनकरराव म्हणाले. त्यांची नजर समोरच्या टेबलावरून हलत नव्हती. "काळ्यात बी लय उठून दिसायलीय की ही!"