बाबांचं बाळसं

बऱ्याच दिवसांनी माहेरी आले, तर दारातच आईनं बाबांचा गाल ओढून दाखवला. "बघ, काडीपैलवानानं म्हातारपणी बाळसं धरलंय! माझ्या हातचं आत्ता कुठे अंगी लागलं."

दादा म्हणाला, "आणि खिडकीतला तो बोका बघ. बाबांच्या संगतीनं तोही गुबगुबीत झालाय." खरंच, बोक्याला धड उठवत नव्हतं.

सगळे हसले, मीही हसले. पण मी नर्स आहे. बाबांच्या डोळ्यांखालची गोलाई मला काही बरी दिसेना.

आई आणि दादा स्वयंपाकघरात वळताच मी बाबांचा मोजा खाली सरकवला. त्याचा वळ पोटरीत खोल रुतला होता. नडगीवर अंगठा दाबून उचलला, तर खड्डा तसाच राहिला. बाबांच्या अंगात पाणी साठलं होतं.

"बाबा, जेवण नीट जातं ना तुम्हाला?" मी आवाज सांभाळत विचारलं.

आतून आईच ओरडली, "रोज ताट कसं लख्ख करतात, विचार त्यांना! जागेवरच वाढते मी, खिडकीपाशी."

बाबांनी आधी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. माझा हात घट्ट धरून ते कुजबुजले,



"आईला सांगू नकोस हं. दोन घासांपुढे जातच नाही गं मला... ताट तो बोका लख्ख करतो."